फणसाडला पहिल्यांदा श्रमदानाला येताना

दर वर्षी गणपती उठले की आमच्या गटातल्या सगळ्यांच्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो, "फणसाडला काम करायला यायचंय, काय करावं लागेल?" विचारणारे बहुतेक अलिबाग, पेण, पनवेल, मुंबईकडचे. कॉलेजची मुलं, नुकतेच निवृत्त झालेले काका, बँकेत नोकरी करणारी एखादी ताई. प्रत्येकाला फोनवर तेच सांगताना काहीतरी राहून जातं, आणि जे राहतं तेच नेमकं जंगलात नडतं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

आधी जागेविषयी थोडं. फणसाड अभयारण्य रायगड जिल्ह्यात, मुरूड-रोह्याच्या डोंगरांत आहे. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. काशीदच्या वाळूवर लोळणाऱ्या पर्यटकांना पाठीमागच्या डोंगरात शेकरू, बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी हे इवलंसं हरीण राहतात याचा पत्ताही नसतो. गारंबीचे वेल इथे झाडांवरून झाडांवर असे गेलेले आहेत की कोणत्या वेलाचं बूड कुठे ते सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट. या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिलमध्ये याच जंगलात ओढ्यांत नुसते गोटे उरतात. डोंगर उताराचे, समुद्र जवळ, पाणी धावत खाली निघून जातं. उरतात त्या गाणी. गाण म्हणजे पाण्याची नैसर्गिक जागा, इथलाच शब्द आहे. चिखलगाण, धरणगाण ही नावं तुमच्या कानावर पहिल्याच दिवशी पडतील. त्याच सुमाराला गवत वाळलेलं असतं आणि वणवे लागायला सुरुवात होते. आमचं जवळजवळ सगळं काम या दोन गोष्टींभोवती फिरतं: पाणी टिकवायचं आणि आग थांबवायची. बिबट्या दिसेल या आशेने येणार असाल तर मनापासून सांगते, पर्यटक म्हणून या, गावातला वाटाड्या घ्या, छान फिरा. श्रमदानाला येणाऱ्याला जनावर क्वचितच दिसतं. वीस माणसं फावडी आपटत असताना ते येईल कशाला?

परवानगी आधी, उत्साह नंतर

अभयारण्यात मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये प्रवेशावर निर्बंध आहेत, हत्यार नेण्यावर आहेत, आतली कुठलीही वस्तू बाहेर आणण्यावरही आहेत. प्रत्येक श्रमदानाआधी गटातर्फे परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना पत्र जातं. त्यात तारीख, कामाची जागा आणि येणाऱ्यांची नावं असतात. म्हणून नाव चार दिवस आधी द्या. "माझा मावसभाऊपण आलाय बरोबर" असं फाटकावर सांगू नका, त्याला परत पाठवावं लागतं आणि सगळ्यांनाच वाईट वाटतं.

घरचा कोयता पिशवीत घालून आणू नका. अवजारं तिथेच मिळतात: कुदळ, फावडी, घमेली, दाताळी. कोयता वापरायची वेळ आलीच तर तो वनमजुरांच्या हातात असतो. मोराचं पीस, साळिंदराचा काटा, गारंबीची बी, काहीही खिशात घालायचं नाही. गारंबीची बी पाहिली की मोह होतो हे मला माहीत आहे. तळहाताएवढी, गुळगुळीत, तपकिरी. हातात घ्या, बघा, जिथली तिथे ठेवा.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात काम केलेले काहीजण येतात, त्यांच्यासाठी एक खुलासा. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण बंदी असते. अभयारण्यात तसं सरसकट नसतं, परवानगीने काही गोष्टी चालतात, आजूबाजूच्या गावांचे काही हक्क राहिलेले असतात. त्यामुळे वाटेत गुराखी भेटला की त्याच्याशी हुज्जत घालायला जाऊ नका. खटकलंच तर वनरक्षकाला सांगा. जंगलात कुठे धूर दिसतोय, कुठे पाणी आटलंय, कुठल्या वाटेला कुत्री लागली आहेत, हे आम्हाला सगळ्यात आधी कळतं ते याच गुराख्यांकडून.

पोचायचं कसं, आणायचं काय

अलिबागहून रेवदंडा, साळाव करत सुपेगाव गाठायचं. सकाळी सातला फाटकावर हजर राहायचं असतं. मुंबईकरांनी आदल्या रात्रीच येऊन गावात मुक्काम करावा. घरगुती सोय होते, गावाला चार पैसे मिळतात, आणि रात्री अंगणात बसून जे ऐकायला मिळतं ते दिवसभरात मिळत नाही. आत मोबाईलचं नेटवर्क मिळेल असं धरून येऊ नका. घरी तसं सांगून या.

कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. बूट घोट्यापर्यंतचे, चप्पल किंवा सँडल घालून आलेल्याला आम्ही कामाला घेत नाही. प्यायला तीन लिटर पाणी. डोक्याला टोपी किंवा पंचा. हातमोजे स्वतःचे आणा, गटाकडचे नेहमी कमी पडतात. जेवायला भाकरी, चटणी, उकडलेली अंडी, काहीही चालेल, फक्त डब्यात आणा. कुरकुरणारी पाकिटं नकोत. अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून येऊ नका. हे शिस्तीसाठी म्हणून सांगत नाही, इथे आग्या मोहोळं आहेत आणि उग्र वासाने माश्या उठू शकतात.

वनराई बंधारा: पहिलं काम

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा बंधाऱ्यांचा काळ. ओढा अजून वाहता असतो पण ओसरलेला असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, वाळू आणि माणसांची रांग, एवढ्यावर हे काम होतं. पहिल्यांदा येणाऱ्याने याच कामाला यावं असं माझं मत आहे, कारण सकाळी सुरू केलेल्या कामाचं पाणी दुपारी डोळ्यांसमोर चढताना दिसतं.

जागा वनरक्षक ठरवतात. ओढ्याची रुंदी कमी, काठ पक्के, आणि वरच्या बाजूला पाणी पसरायला जागा, असं ठिकाण लागतं. गोण्या भरायला माती वरच्या अंगाच्या ओढ्यातूनच घ्यायची. काठ खणायचा नाही, नाहीतर पुढच्या पावसात काठच ढासळतो.

माझ्या पहिल्या दिवशी मी गोण्या ठासून भरत होते. जास्त माती म्हणजे जास्त मजबूत, असा माझा हिशोब. शेजारी काम करणारे वनमजूर मामा थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "गोन फुगवू नको गो पोरी. पोट ढिलं ठेव, मग ती बसते." मी भरलेली गोणी त्यांनी खाली ठेवली. ती अंड्यासारखी गोल उभी राहिली, तिच्या दोन्ही बाजूंनी पाणी सरळ वाहत होतं. मग त्यांनी स्वतःची पाऊण भरलेली गोणी ठेवली आणि वर पाय देऊन दोनदा दाबली. ती पसरली, खालच्या दगडाचा आकार घेतला, आणि कडेची धार बंद झाली. तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिली हीच गोष्ट दाखवते. पाऊण गोणी भरायची, तोंड सुतळीने शिवायचं.

थर विटांसारखे लावायचे. खालच्या दोन गोण्यांचा सांधा येतो तिथे वरच्या गोणीचं पोट आलं पाहिजे. दोन ओळी समांतर घालून मधल्या फटीत चिकट माती भरून ती पायाने तुडवली की गळती खूप कमी होते. थोडी गळती राहू द्या. खालच्या ओढ्यालाही पाणी हवं असतं, तिथे बेडूक आहेत, खेकडे आहेत. बांध पुरुषभर उंच करायच्या भानगडीत पडू नका. कमरेइतका पुरे.

दगड उचलताना एक सवय लावून घ्या. कोकणात दगडाखाली फुरसं असणं ही रोजची बाब आहे. साप लहान, मातीच्या रंगाचा, आणि जागचा हलत नाही म्हणून दिसत नाही. दगडाची आपल्यापासून लांबची कड आधी उचलायची आणि दगड आपल्याकडे वळवायचा. म्हणजे खाली काही असलं तर त्याच्या आणि आपल्यामध्ये दगड राहतो. करवत घासल्यासारखा करकर आवाज आला तर हात मागे घ्या आणि तिथेच थांबा, बाकीच्यांना सांगा. दंश झालाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला चालू द्यायचं नाही, वेळ लक्षात ठेवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा पिकू लागतात. मखमली, सोनेरी, बघून हात लावावासा वाटतो. लावू नका. कुसं अंगाला लागली तर चोळायचं नाही, चोळलं की ती आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढायची, मग पाण्याने धुवायचं. म्हणून माझ्या पिशवीत बारा महिने चिकटपट्टीचा एक रीळ असतो.

रानमोडी आणि घाणेरी

ही बाहेरून येऊन जंगलात माजलेली झुडपं. ती काढायचं काम बंधाऱ्याच्या जोडीने चालतं. पावसाने जमीन मऊ असते तोवर रानमोडी मुळासकट उपटून येते. फुलं धरली आणि बी उडायला लागलं की उपटणं म्हणजे आपणच पेरणी करणं. घाणेरी उपटून येत नाही आणि वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. तिचं मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटं तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर करून ठेवायचं. वेळ लागतो. दिवसभरात एका माणसाकडून फार होत नाही, त्याने नाराज होऊ नका. फक्त उपटण्याआधी झाड दाखवून खात्री करून घ्या. एकदा उत्साहाच्या भरात आमच्यातल्या दोघांनी कुड्याची रोपं उपटली होती, ती कुणाला परत लावता आली नाहीत.

झाडं लावायला येऊ का, असं विचारणारे खूप असतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, जंगलातली मोठी झाडंही पडली. त्यानंतर बियांचे गोळे घेऊन लोक यायला निघाले. आम्ही तेव्हाही नको म्हणालो, आजही म्हणतो. बाहेरून आणलेल्या बीबरोबर काय येईल ते सांगता येत नाही. पडलेलं झाड जंगलासाठी वाया गेलेलं नसतं. त्यावर अळंबी येते, त्याच्या खोडात किडे राहतात, सुतारपक्षी येतात, आणि पडल्याने झालेल्या उजेडात खालची रोपं वर येतात. ऐन, किंजळ, जांभूळ यांना पुन्हा उभं राहता येतं. झाडं लावायचीच असतील तर आपल्या गावच्या उघड्या गायरानात लावा, तिथे मी स्वतः खड्डे खणायला येईन.

जाळरेषा

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याआधी जाळरेषा तयार झाल्या पाहिजेत. जाळरेषा म्हणजे जंगलात मोकळा केलेला पट्टा. त्यावरचं गवत आणि पालापाचोळा काढून टाकला की आगीला पुढे जायला काही उरत नाही.

आपलं काम पाला ओढून मधोमध गोळा करण्याचं. दाताळ्याने ओढा, हातांनी नको. तो जाळणं हे काम वनविभागाचं, त्यांच्या माणसांनी, त्यांनी ठरवलेल्या वेळी करायचं. अभयारण्यात आग लावणं हा गुन्हा आहे, "मदत म्हणून" लावलेलीही.

आणखी एक गोष्ट फार जपायची. पट्टा मोकळा करताना वर बघा. शेकरू खाली उतरायला नाखूष असतं, त्याचा सगळा रस्ता फांद्याफांद्यांतून असतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची झाडं वर जिथे हात मिळवतात तो त्याचा पूल. जमीन साफ करायची आहे, आभाळ नाही. काटक्या-पानांचं टोपलीएवढं घरटं दिसलं तर जागा वहीत लिहा आणि वनरक्षकांना दाखवा. एका शेकरूची अनेक घरटी असतात, त्यामुळे रिकामं वाटलं म्हणून ते सोडून दिलेलंच असेल असं नाही.

वणवा लागतो कसा, हेही समजून घ्या. भाताच्या रोपांसाठी शेतात राब, म्हणजे पाला-गवताचा थर, भाजतात, त्याची ठिणगी वाऱ्याने डोंगरावर जाते. कुणी विडी टाकतं. कुणाला वाटतं जुनं गवत जाळलं की नवं चांगलं येतं. शिकारीसाठी मुद्दाम लावणारेही असतात. राब भाजणाऱ्या शेतकऱ्याला गुन्हेगार म्हणून चालणार नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे ती. आम्ही जानेवारीत वाड्यांवर जातो, ओटीवर बसतो, कोरा चहा पितो आणि एवढंच मागतो की भाजणीच्या दिवशी आधी सांगा, कडेचं गवत काढून घ्या, संध्याकाळी वारा पडल्यावर भाजा, आम्ही पाण्याचे डबे घेऊन उभे राहतो. नव्या माणसाने या भेटींना जरूर यावं, आणि पहिल्या दोन-तीन वेळा फक्त ऐकावं. ठाकूर, कातकरी वाड्यांमधल्या म्हाताऱ्या माणसांना या जंगलाचं जे ठाऊक आहे ते आपल्या वहीत नाही.

धूर दिसला तर पहिलं काम फोन. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, आणि बीटच्या, म्हणजे त्या भागाच्या, वनरक्षकांचा नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा. आग विझवायला नव्या माणसाला आम्ही पुढे पाठवत नाही. अनुभवी लोकसुद्धा आगीच्या तोंडासमोर उभे राहत नाहीत. बाजूने आणि मागून, हिरव्या डहाळ्यांनी झोडपत पुढे सरकतात. आग चढावर फार वेगाने धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कधीही थांबायचं नाही. तुम्ही पाणी पोचवा, वाट दाखवा, माणसं मोजा. माणसं मोजणारा एकजण नेहमी लागतो.

पाणवठे

मार्चपासून पाणवठ्यांची पाळी सुरू होते. गाणी आटत आल्या की बशीच्या आकाराच्या कृत्रिम पाणवठ्यांत पाणी सोडावं लागतं. बशीचा आकार का, तर लहान जनावर आत पडलं तरी चढून बाहेर येतं. खोल टाकी असेल तर तिच्यात दगडांची उतरण किंवा एखादी जाड फांदी ठेवायची. साफ करताना साबण नाही, ब्लीचिंग पावडर नाही. सगळं पाणी काढायचं, शेवाळ ताठ ब्रशने घासायचं, पुन्हा भरायचं.

पण ब्रश हातात घेण्याआधी पाच मिनिटं काठावर उकिडवे बसा. ओल्या चिखलात रात्रीचा सगळा वृत्तांत असतो. भेकराचा खूर छोटा, टोकदार. सांबराचा त्याच्या दुपटीहून मोठा. रानडुकराच्या खुरामागे दोन बारीक खुणा पडतात. गोल पंजा दिसला तर नखं शोधा. नखं उमटली नसतील तर मांजरकुळातलं, मोठं असेल तर बिबट्या. नखं असतील तर तरस किंवा कुत्रं. कुत्र्याचे ठसे वाढायला लागले की लगेच कळवायचं, भेकरांना ती फार त्रास देतात. जे दिसेल त्याचा फोटो काढा, शेजारी पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. मग त्याच ठशांवर पाय न देता साफसफाई सुरू करा.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या नोंदी करतात. वैशाखात पाणी थोड्याच ठिकाणी उरलेलं असतं आणि चांदणं स्वच्छ, म्हणून ही रात्र. सगळ्यांना याचंच आकर्षण असतं, आणि जागा थोड्या असतात. आमचा नियम असा की ज्याने हंगामात निदान चार श्रमदानं केली त्याचंच नाव आम्ही सुचवतो. मचाणावर बसलात की रात्रभर खाली उतरायचं नाही, बोलायचं नाही, बॅटरी मारायची नाही. वहीत वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू, कुठून आला, कुठे गेला, किती वेळ थांबला. नीट दिसलं नाही तर "ओळख पटली नाही" असंच लिहा. एक सांबर दोनदा पाण्यावर येऊ शकतं, त्यामुळे या आकड्यांवरून जंगलात किती सांबरं आहेत ते ठरत नाही. कुठला पाणवठा जनावरं वापरतात आणि कुठला ओस पडलाय, ते मात्र कळतं. पुढच्या वर्षी पाणी कुठे सोडायचं ते त्यावरून ठरवता येतं.

मे महिन्याचा शेवट

या कामाला सगळ्यात कमी माणसं येतात आणि मला ते सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑक्टोबरात घातलेल्या गोण्या पावसाआधी काढून आणायच्या. उन्हाने त्या कुजतात, धागे सुटतात, आणि पहिल्या पुरात ते प्लास्टिक ओढ्याने थेट समुद्रात जातं. जंगलासाठी म्हणून नेलेला कचरा आपणच सोडून यायचा, हे मनाला पटत नाही. म्हणून बंधारा घालतानाच वहीत आकडा लिहायचा आणि काढताना तो जुळवायचा. जिथे शक्य आहे तिथे आता आम्ही अनघड दगडांचाच बांध घालतो.

मागच्या हंगामात एका ओढ्यावर २१२ गोण्या गेल्या होत्या. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही सहाजण होतो. काखेत, पाठीवर घालून सगळ्या फाटकापाशी आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले, मोजल्या. २०९. दुपारचे दोन वाजले होते, आभाळ भरून आलेलं. मामांनी एकदा ढगांकडे बघितलं, पंचा डोक्याला बांधला आणि काही न बोलता परत ओढ्याच्या वाटेला लागले. आम्ही त्यांच्या मागे. दोन गोण्या खालच्या डोहात सापडल्या, दगडात अडकलेल्या. तिसरी एका करंजाच्या मुळात गुंतली होती, ती सोडवायला अर्धा तास लागला.

यंदाचं पहिलं श्रमदान दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आहे. नाव द्याल तेव्हा बुटाचा नंबर कळवायची गरज नाही, तेवढे हातमोजे मात्र विसरू नका.